"1971 चा रेडिओ म्हणजे सगळं सोनं"? काका, जरा थांबा

परवा फॅमिली ग्रुपवर काकांनी तो फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही आला असेलच: "1971 साली रेडिओ लावला की लेड झेपेलिन, मार्विन गे, बिल विदर्स. कचरा लागायचाच नाही, लोकांना चव होती. रेकॉर्ड कंपन्याही कलाकाराला मोकळं सोडायच्या. आजच्या पोरांना हे कळणारच नाही." आता ही गाणी मलाही जीव की प्राण, रोज लोकलमध्ये कानात तीच असतात, पण म्हणून काहीही?

पहिलं, कचरा नव्हता म्हणे. अहो 1971 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये एक नंबरला होतं 'ग्रँडडॅड', एक कॉमेडी नट आजोबा बनून गातोय आणि मागे शाळकरी पोरांचा कोरस. ख्रिसमसला एक नंबरला बेनी हिल, विषय काय तर दूधवाला! अमेरिकेत फेब्रुवारीपासून पाच आठवडे ऑसमंड ब्रदर्स, जॅक्सन फाइव्ह या भावाभावांच्या बँडच्या धाटणीचं गाणं घेऊन. हे सगळं लोकांनीच पैसे मोजून घेतलं होतं, पन्नास वर्षांत ते चाळणीतून गळून गेलं एवढंच.

झेपेलिन, म्हणजे तो रॉक बँड. त्यांचं 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचं, अमेरिकेत सिंगल म्हणून, म्हणजे गाण्याची सुटी तबकडी करून, बाजारात काढलंच नाही, आणि एएमवरच्या टॉप फॉर्टी, म्हणजे फक्त हिट गाणी फिरवणाऱ्या, स्टेशनांचं गणित तीनेक मिनिटांचं, मग ते तिथे लागणार कसं? ते वाजलं एफएमवर. आणि एफएम तरी मोकळं का होतं, तर स्टेशनांचे मालक एएमचाच प्रोग्रॅम तिकडे ढकलून द्यायचे, त्यावर एफसीसीने, म्हणजे रेडिओवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, मोठ्या शहरांत बंधन आणलं, मग 1967 च्या आसपास वेळ भरायला काहीतरी हवंच होतं, त्यात सॅन फ्रान्सिस्कोत डीजे टॉम डोनाह्यूसारखे लोक घुसले आणि अल्बममधली लांबलचक गाणी लावायला लागले. सरकारी नियमाची कृपा!

कंपन्या मोकळं सोडायच्या, हे तर मार्विन गेच्या बाबतीत म्हणूच नका. त्याचं 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणं त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या, मोटाउनच्या, मालकाला बेरी गॉर्डीला नकोच होतं, हे निघेपर्यंत दुसरं काही गाणार नाही म्हणून मार्विन अडून बसला. जानेवारी 1971 ला निघालं आणि पॉप चार्टवर थेट दोन नंबरपर्यंत गेलं.

आता बिल विदर्स, माझा लाडका विषय. हा माणूस फॅक्टरीत विमानातले संडास बनवायचा, पहिल्या अल्बमच्या कव्हरवर हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे बघा. 'एन्ट नो सनशाइन' दोन मिनिटं आणि वर काही सेकंद, मध्ये नुसतं 'आय नो, आय नो' 26 वेळा, तिथे खरे शब्द लिहायचे होते पण बाकीचे म्हणाले राहू दे असंच. कंपनीने हे टाकलं बी साइडला! पुढच्या बाजूला होतं 'हार्लेम'. डीजेंनी तबकडी उलटी केली आणि मागची बाजू वाजवत सुटले, म्हणून आज आपल्याला हे गाणं माहीत. म्हणजे चव होती बरं का, पण ती उलटून बघणाऱ्यांची, आपोआप कानावर पडणाऱ्यांची नाही.

आणि पोरांना कळत नाही? 2014 ला 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी' या सिनेमाचा साउंडट्रॅक अमेरिकेत एक नंबरला गेला, त्यात एकही नवीन गाणं नव्हतं, बहुतेक साठ-सत्तरचीच. थिएटरात काय सगळे आजोबाच बसले होते?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांनी फक्त अंगठा दाखवला. खाली बाबांनी काकांना लिहिलं, "अरे 71 ला आपल्याकडे रेडिओ होता कुठे, समोरच्या बिऱ्हाडात विविध भारती लागायची ती आपण दारात बसून ऐकायचो. झेपेलिनची कॅसेट तू 85 ला आणलीस, ती पण माझ्या पैशांनी."