‘मोकळीक दिली की मुलं बिघडतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शाळेतलं वातावरण आणि किशोरवयीन मुलांचं स्वावलंबन या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “मोकळीक दिली की मुलं बिघडतात. वर्गात कधी उभं न राहिलेल्यांनी असले सल्ले देऊ नयेत.” मतभेद मी समजू शकते, हा सूर नाही. अठरा वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवते आहे. लेखाखालच्या परिचयात ते लिहिलंय, वाचायचे कष्ट घ्यायला हरकत नव्हती.

एक मान्य. लेखातलं ‘दोन आठवड्यांत फरक दिसतो’ हे वाक्य घाईचं होतं. निदान एक सत्र लागतं. दुरुस्ती केली आहे.

पण मोकळीक म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणं, असं मी कुठे म्हटलंय? पायऱ्या दिल्या होत्या, पुन्हा सांगते. पहिल्या प्रकल्पाला विषय तीनच द्यायचे. ‘हवा तो घ्या’ म्हटलं की बरीच मुलं अडून बसतात. टप्प्यांच्या तारखा शिक्षकाने द्यायच्या, तपासणी दर तीन दिवसांनी. दुसऱ्या प्रकल्पात मधल्या तारखा मुलांनी ठरवायच्या, तपासणी आठवड्यातून एकदा. तिसऱ्यात फक्त शेवटची तारीख. शिवाय प्रत्येक कामापुढे किती वेळ लागेल याचा अंदाज लिहायचा आणि नंतर खरा लागलेला वेळ. अंदाज सुरुवातीला बहुतेक वेळा कमीच निघतो. तो आपला आपल्याला दिसला की पुढचं वेळापत्रक मूल जपून आखतं.

बिघडतं ते भलतीकडेच. शेवटच्या दिवशी शिक्षक मुदत वाढवून देतात, नाहीतर गृहपाठाचा निरोप थेट पालकांच्या मोबाइलवर जातो. मग काम मुलाचं राहतच नाही. तारीख चुकली तर झालंय तेवढं जमा करून घ्यायचं, तेवढ्याचेच गुण द्यायचे आणि पुढच्या कामाला एक पायरी मागे यायचं. एकच पायरी! सगळंच काढून घेतलं की मूल चुका लपवायला लागतं. याला बेशिस्त म्हणत असाल, तर तुम्ही शिस्त कशाला म्हणता ते तरी लिहा.

मानसशास्त्रज्ञ जॅकलीन एकल्स आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हेच मांडलंय: स्वतः ठरवण्याची ओढ वाढते नेमक्या त्याच वयात शाळा नियंत्रण वाढवते, आणि मुलांचा अभ्यासातला रस ओसरतो.

परीक्षा, पालकांच्या तक्रारी वगैरे बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत, त्यात शिरत नाही. वर्गाचा पट मोठा असेल तर तपासणी पाच-पाचच्या गटाने करा. एका गटाला चार-पाच मिनिटं पुरतात.