काळे पट्टे आणि आमचे काका

ड्रॅगन बॉल झी ही जुनी जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका मी डिस्कवर परत परत विकत का घेतो हे घरात कुणालाही पटवता येत नाही. आई तर सरळ विचारते, "हा तोच ना रे, पिवळ्या केसांचा, सारखा बोंबलणारा? तू शाळेत होतास तेव्हाच जिंकला होता ना तो?" हो आई, जिंकला होता. 1989 ते 1996 जपानात चालली ती मालिका, 291 भाग, आणि त्यात तो खलनायक फ्रीझा म्हणतो की पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार आणि ती पाच मिनिटं पुढचे आठ-दहा भाग संपत नाहीत, सगळं पाठ आहे मला. पण काय घडतं हा मुद्दाच नाहीये, ते दिसतं कसं हा मुद्दा आहे. एवढं बोलेपर्यंत आई मेथी निवडायला बसलेली असते.

तर त्या काळातल्या ॲनिमे मालिका हाताने काढलेल्या. सेल नावाच्या पारदर्शक शीटवर चित्र, त्यात रंग भरलेला, खाली रंगवलेलं बॅकग्राउंड, आणि मग एकेक फ्रेम कॅमेऱ्याने फिल्मवर घ्यायची. झीची फिल्म 16 मिलिमीटरची. फिल्म म्हटली की ग्रेन आला, तो बारीक दाणा जो पडद्यावर सतत वळवळत असतो, आणि त्या दाण्यांनीच ते चित्र बनलेलं असतं. रिमास्टर करायचं म्हणजे ती फिल्म परत स्कॅन करायची, धूळ नि ओरखडे काढायचे, उडालेले रंग जागेवर आणायचे. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नाही. मग कुणीतरी नॉइज रिडक्शन नावाचं, दाणा पुसून टाकणारं प्रकरण फुल्ल करून ठेवतं. आमच्याकडे पणजीचा एक तांब्या आहे, त्यावर नाव कोरलेलं होतं, दर सणाला चिंच लावून घासून घासून तांब्या आता आरशासारखा चमकतो पण नाव गेलं. आमचा हीरो गोकू, त्याच्या कपाळावरच्या आठ्या तशाच गेल्या. पार मेणाचा पुतळा झालाय.

हे सगळं कोणासाठी करतात याचा मी भरपूर विचार केलाय आणि माझं ठाम मत आहे की हे आमच्या काकांसाठी करतात. काका रविवारी येतात, चहा येईपर्यंत टीव्हीकडे बघतात आणि म्हणतात, "एवढा मोठा टीव्ही घेतलास आणि दोन्ही बाजूला काळे पट्टे? अर्धे पैसे पाण्यात." मी सांगतो, काका, मालिका 4:3 मध्येच बनलीये, चौकोनीच आहे ती. "मग ताण की!" आणि रिमोट घेऊन ताणतात. गोकू आडवा होतो. काकांचं समाधान.

आता बघा, 2007 मध्ये अमेरिकेत झीचे नारिंगी डीव्हीडी संच निघाले, फॅन लोक त्यांना ऑरेंज ब्रिक म्हणतात, ब्रिक म्हणजे वीटच, आकारही तसाच आणि डोक्यात घालावी असं वाटणंही तसंच. तेव्हा रुंद टीव्ही नवे नवे घरात येत होते, म्हणून चित्र वरून-खालून कापून 16:9 करून टाकलं, पाचवा हिस्सा तरी गेला असेल. म्हणजे ज्या मालिकेत माणूस किती पॉवरफुल झाला हे त्याच्या केसांवरून ओळखायचं तिथे वरून कापताय तुम्ही?? केसच तर बघायला आलोय आम्ही! 2011 मध्ये कुणाला तरी सुबुद्धी झाली आणि ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून जास्त स्पष्ट चित्राची डिस्क निघाली, चौकोनी, ग्रेनसकट, नीट निगुतीने एकेक फ्रेम साफ केलेली, बघून डोळ्यात पाणी यावं अशी. दोन संच निघाले आणि बंद, कारण खर्च परवडेना. मग दोन-तीन वर्षांत जे संच आले त्यात परत कापाकापी. 2019 ला तीस वर्षं झाली म्हणून स्पेशल संच काढला, चौकोन परत आला आणि ग्रेन परत घासला. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. आणि काका यातलं काहीच विकत घेत नाहीत हो, विकत मी घेतो.

घेतो म्हणजे तरी कसं. ब्लू-रेवाल्यांनी जगाचे तीन तुकडे केलेत, अमेरिका आणि जपान ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी आणि आपण सी, चीन आणि रशियाच्या पंगतीत. अमेरिकेतला मावसभाऊ येताना बॅगेत संच घेऊन येणार, त्याची बायको माझ्याकडे बघणार की या खोक्याच्या जागेत अजून दोन किलो चकली बसली असती परत जाताना, आणि शेवटी प्लेअर म्हणणार ही डिस्क चालणार नाही. मग सगळे रिजन चालणारा प्लेअर शोधा. थेट जपानहून मागवायचं तर तिकडे एका डिस्कवर दोन-तीन भाग नि किंमत सहा-सात हजार येन, ही त्यांची जुनी पद्धत, त्या हिशोबाने 291 भागांचं गणित मी एकदा बायकोसमोर मोठ्याने केलं होतं. नंतर मनातच करतो.

गंमत म्हणजे जेवढं जुनं तेवढं नशीबवान. फिल्मवर आहे ना, मग परत स्कॅन करा, नवीन डिटेल मिळतं. 2000 च्या आसपास स्टुडिओ कॉम्प्युटरवर रंग भरायला लागले आणि त्या सुरुवातीच्या बऱ्याच मालिका तेव्हाच्या टीव्हीच्या मापातच बनल्या, त्यात लपलेलं असं काही नाहीच. वन पीस या ॲनिमेचे सुरुवातीचे भाग घ्या, कितीही मोठे करा, नुसते मऊ होत जातात. आणि चित्र वाचलं तरी बाकीचं वाचेलच असं नाही, इव्हँजेलियन ही दुसरी गाजलेली ॲनिमे 2019 ला स्ट्रीमिंगवर जगभर आली तर जपानबाहेर शेवटचं फ्लाय मी टू द मून हे गाणंच गायब. म्हणजे घर रंगवून मिळालं आणि बाल्कनी गेली. असो.

मागच्या रविवारी मी मुद्दाम ती 2011 ची डिस्क लावून ठेवली, म्हटलं काकांनी एकदा खरी चीज बघावी. काकांनी चष्मा पुसला. परत पुसला. मग म्हणाले, "डिश हललीये तुझी, मुंग्या येतायत. केबलवाल्याला फोन कर."

बायको म्हणाली जाऊ दे, सगळ्यांना आवडेल असं काहीतरी लाव, आणि तिने फोनवरून मोगली लावला. दूरदर्शनवाला. तोही जपानीच बरं का, निप्पॉन ॲनिमेशनचा, 52 भागांचा, आपल्याकडे हिंदीत आला, गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजचं संगीत आणि शेरखानला आपला नाना पाटेकर. कुणीतरी व्हीएचएसवरून चढवलेला, रंग बाहेर सांडलेले, खाली पट्टी थरथरतेय, कोपऱ्यात भलताच लोगो आणि त्यावर कडी म्हणजे आधीच ताणलेला. मी तोंड उघडलं. बायको म्हणाली, "मग जपानी आवाजातला रिमास्टर शोधू? नाना नसलेला?"

मी तोंड मिटलं. तत्त्व तत्त्वाच्या जागी आणि नाना नानाच्या जागी.

आई मेथी टाकून आली, पोरगं सोफ्याच्या हातावर चढलं, काका पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "बघ, याला म्हणतात क्लिअर पिक्चर." बघिरा जवळजवळ जांभळा दिसत होता. निदान ताणलेलं तरी सरळ करावं म्हणून मी हळूच रिमोटसाठी हात पुढे केला तर काकांनी तो मांडीखाली घातला. "थांब रे, शेरखान येतोय."