भिंतीपासून लांब राहा

गेल्या रविवारी मला एका रिकाम्या भिंतीपासून लांब उभं राहायला सांगण्यात आलं.

भिंतीवर दोन हुक होते, हुकांखाली आजूबाजूपेक्षा जरा गडद असा एक चौकोन होता आणि शेजारी एक इवलंसं कार्ड. कार्डावरची अक्षरं मुंगीने लिहिल्यासारखी. ती वाचायला मी वाकलो, तर कुठेतरी टीं टीं सुरू झालं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर झोपलाय अशी माझी समजूत असलेला सिक्युरिटीवाला ताडकन उठला.

"साहेब, मागे या. रेघेच्या मागे."

"अहो, पण इथे काहीच नाहीये."

"नसलं तरी."

या 'नसलं तरी'ला उत्तर मला अजून सुचलेलं नाही. रोज सकाळी दात घासताना प्रयत्न चालू असतो.

झालं होतं ते एवढंच. देशभरातली 'यंदा अजिबात चुकवू नयेत' अशी कलाप्रदर्शनं एका यादीत आली होती. 'चुकवू नये' म्हटलं की मला आपण आधीच काहीतरी चुकवलंय असं वाटायला लागतं. यादीतलं तिसरं प्रदर्शन मी एका चित्रासाठी निवडलं. खिडकीपाशी बसलेली बाई. (नाव सांगत नाही, नाहीतर संग्रहालय ओळखू येईल.) हिने सांगितलं होतं, निघायच्या आधी एकदा फोन करून विचारा. मी म्हटलं, चित्र आहे ते, डॉक्टर नाही. जागेवर असणारच.

रात्रभराचा प्रवास करून पोचलो. कार्डावर लिहिलं होतं की हे चित्र सध्या दुसऱ्या संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी उसने देण्यात आले आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ते दुसरं प्रदर्शन त्याच यादीत सातव्या क्रमांकावर होतं. माझ्या घरापासून निम्म्या अंतरावर.

"तुम्हालाही अडवलं ना?" शेजारून कुणीतरी कुजबुजलं.

बघतो तर एक गृहस्थ. चष्मा कपाळावर, हातात वही आणि चेहऱ्यावर नुकतीच आरती आटोपल्याचं समाधान.

"मला तीनदा अडवलं," ते म्हणाले. "मला वाटतं, तोही त्याचाच भाग असणार."

"कशाचा?"

"कलाकृतीचा."

मी सिक्युरिटीवाल्याकडे पाहिलं. तो कान कोरत होता.

"हा चौकोन बघा," गृहस्थ सांगू लागले. "रंग नाही, रेषा नाही, नुसती झालेल्या गोष्टीची खूण. आणि हे हुक! डावा उजव्यापेक्षा सूतभर खाली आहे. चूक वाटते ना? चूक नाही ती."

"अहो, चित्र उसनं गेलंय. तिथे लिहिलंय तसं."

पहिल्या बाकावर बसूनही गणित चुकणाऱ्या पोराकडे मास्तर बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तसं ते लिहितातच. 'उसने'. किती साधा शब्द निवडलाय! माणूस तरी काय हो, उसनाच की."

"पण मला ते चित्र बघायचं होतं."

"तेच तर! बघायचं होतं, आणि नाहीये. हा जो तुमचा चडफडाट चाललाय ना, तोच त्यांना हवाय."

हवा असेल तर त्यांना तो भरपूर मिळाला, एवढंच मी म्हणेन.

त्यात माझ्या कानाला ऑडिओ गाइड लावलेला. वेगळे पैसे भरून घेतलेला. मी रागाच्या भरात चौदा नंबर दाबला तर आतली बाई मधाळ आवाजात सुरू झाली, "आता आपण ज्या चित्रासमोर उभे आहात, त्यातील स्त्रीच्या नजरेकडे लक्ष द्या." मी हुकाकडे लक्ष दिलं. गृहस्थांनी एक हेडफोन मागून घेतला, डोळे मिटून ऐकलं, मग उघडून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता तर स्पष्ट दिसतंय."

त्यांचं ऐकून आणखी चार माणसं जमली. एका जोडप्यातली मुलगी मोबाइल उंचावून म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." कुठल्या फ्रेममध्ये, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता रिकाम्या भिंतीला गर्दी व्हावी यात नवीन काही नाही, हे मलाही ठाऊक आहे. २१ ऑगस्ट १९११ रोजी पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातून 'मोनालिसा' चोरीला गेली. आठवडाभराने संग्रहालय पुन्हा उघडलं, तेव्हा ती जिथे टांगलेली असायची ती मोकळी जागा बघायला लोकांनी रांगा लावल्या. सप्टेंबरात खुद्द लेखक काफ्का आपल्या मित्राबरोबर तिथे जाऊन आला. बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून मार्च १९९० मध्ये तेरा वस्तू पळवल्या गेल्या, आणि चोरांनी सोडलेल्या रिकाम्या चौकटी आजही भिंतीवर आहेत. मांडणी बदलायची नाही, अशी मूळ मालकिणीची मृत्युपत्रातली अटच आहे. पण तिथे निदान चोरी झाली होती! चोरी म्हटलं की माणूस हळहळतो, पोलिसांना नावं ठेवतो, मोकळा होतो. उसनवारीवर कुणाला नावं ठेवणार? आमच्या शेजाऱ्यांनी नेलेली शिडी चार वर्षं झाली आली नाही. तिच्या जागी आम्ही काही कार्ड लावलेलं नाही.

हा उसनवारीचा व्यवहार केवढा मोठा असतो, ते मी परतीच्या प्रवासात चिडून चिडून वाचलं. चित्र मापाच्या पेटीत जातं, बरोबर बहुधा संग्रहालयाचा माणूस जातो, आणि पोचल्यावर पेटी लगेच उघडतही नाहीत. तिथली हवा सोसावी म्हणून साधारण दिवसभर तशीच ठेवतात. (रात्रभर बसून गेलेल्या मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.) बरं, चित्र गेलं म्हणजे तिथे शेवटपर्यंत राहीलच असंही नाही. २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने डच चित्रकार व्हर्मीरची २८ चित्रं एकत्र आणली. प्रदर्शन ४ जूनपर्यंत, पण त्यातल्या एका चित्रातली मोत्याचं कानातलं घातलेली ती जगप्रसिद्ध मुलगी ३० मार्चपर्यंतच. मग ती हेगच्या संग्रहालयात, आपल्या घरी. म्हणजे मे महिन्यात तिथे पोचलेला कुणीतरी माझ्यासारखाच हात चोळत उभा असणार. त्याला इथून नमस्कार.

कागदावरच्या चित्रांचं तर याहून नाजूक. जलरंग, रेखाटनं उजेडाने उडतात, म्हणून पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास मिणमिणत्या प्रकाशात टांगायची, तीही थोडे महिने, आणि मग कित्येक वर्षं अंधारात विश्रांती. त्यामुळे लांबलेल्या प्रदर्शनात निम्म्यावर भिंतीच बदलतात. यादीत छापलेली शेवटची तारीख तेवढी खरी असते. त्या तारखेला भिंतीवर काय असेल, ते यादी सांगत नाही.

हे सगळं मला पटतं. चित्र माझ्यापेक्षा नाजूक आहे, मौल्यवान आहे, माझ्यामागेही राहायचं आहे. पण दारावरच्या दोन मजली पोस्टरवर तीच बाई खिडकीपाशी बसलेली होती. तिकिटावर तिचाच चेहरा होता. तिकीट फाडणाऱ्याला मी, "ती कुठल्या मजल्यावर?" असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्या." दुसऱ्याच मजल्यावर होती, खोटं नाही बोलला. फक्त दुसऱ्या इमारतीच्या. तिकीटखिडकीवर 'आज ही बाई नाही' एवढी चार शब्दांची पाटी लावायला कुठल्या पेटीची, कुठल्या लक्सची गरज होती? चौकशीच्या टेबलावरच्या मुलीने माझं ऐकून घेतलं, मान हलवली आणि अभिप्रायाची वही पुढे केली. वहीचं पेन संपलेलं होतं.

खालच्या दुकानात मात्र बाई ठायी ठायी होती. मगवर, छत्रीवर, चष्मा पुसायच्या फडक्यावर. मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि का कुणास ठाऊक, पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेलो. चष्मेवाले गृहस्थ तिथेच होते, वहीची चार पानं भरली होती. मी रेघेवर उभा राहिलो, हात लांब केला आणि पोस्टकार्ड त्या गडद चौकोनासमोर धरून एक डोळा मिटला. तेवढ्यापुरती ती बाई खिडकीपाशी बसली. नजर चांगली होती हो तिची.

टीं टीं.

"साहेब, मागे," खुर्चीवरून आवाज आला.

"अहो, काय हे!" गृहस्थ कळवळून म्हणाले. "मध्ये चित्र कशाला आणलंत?"