‘साधा इंडेक्स’ आणि चार दिवसांचं ‘बघू की’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा सारांश बाकीच्यांसाठी देतो: ‘डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) सुरुवातीपासून सोबत घ्या, हे लिहायला सोपं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. साधा इंडेक्स (नोंदी झटकन शोधायची सूची) मागितला तरी डीबीए चार दिवस ‘बघू की’ म्हणतो. आणि तुम्ही त्यांचीच तळी उचलता.’

चार दिवसांचं तुमचं म्हणणं रास्त आहे. कारण न सांगता काम अडवणं हा निव्वळ आडमुठेपणा. पण ‘साधा इंडेक्स’ काही पटलं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नुसती ‘क्रिएट इंडेक्स’ ही आज्ञा चालवली की इंडेक्स तयार होईपर्यंत त्या टेबलात नवी नोंद पडत नाही, जुनी बदलता येत नाही. वाचता तेवढं येतं. गेटवर माल भरलेला ट्रक उभा आहे, चलन निघेना, तर मालकाचा फोन कुणाला जातो? त्याच आज्ञेला ‘कॉन्करंटली’ हा शब्द लावला तर नोंदी थांबत नाहीत, पण वेळ जास्त लागतो, ते ट्रान्झॅक्शनच्या (सगळी मिळून पार पडणाऱ्या किंवा सगळी रद्द होणाऱ्या कामांच्या गटाच्या) आत चालत नाही, आणि मधेच फसलं तर इनव्हॅलिड, म्हणजे निकामी इंडेक्स मागे उरतो. तो निस्तरायला पुन्हा डीबीएच.

तुम्हाला शाबासकी मिळते नवं काही चालू केल्याची. डीबीएला मिळायला हवी काही बंद न पडल्याची, आणि ती कुणी देत नाही. तुमच्या भांडणाचं मूळ मला तिथंच दिसतं, स्वभाव वगैरे नंतर.

पुढच्या वेळी ‘इंडेक्स पाहिजे’ एवढाच मेसेज टाकू नका. क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा), तिचं ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ (ती कशी चालली, किती वेळ लागला याचा अहवाल), टेबल केवढं, क्वेरी दिवसातून किती वेळा चालते, हे सोबत द्या. (नोंदी बदलणाऱ्या-पुसणाऱ्या अपडेट-डिलीटवर ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ जपून; त्यात क्वेरी खरोखर चालते.) कधी कधी नवा इंडेक्स लागतच नाही. तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावलेलं असतं, म्हणून असलेला इंडेक्स वापरला जात नाही. ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी अट लिहिली की काम होतं.

बदल्यात ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ (कुठली क्वेरी किती वेळा चालली, किती वेळ लागला याची पोस्टग्रेसमधली आकडेवारी) बघायची परवानगी डीबीएकडे मागा. तीही नाकारली, तर खुशाल वर तक्रार करा.

राहिलं तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘ओआरएम असताना एसक्यूएल कशाला?’, म्हणजे कोडमधून क्वेऱ्या आपोआप बनवणारं साधन असताना क्वेरीची भाषा हवी कशाला. शंभर चलनांची यादी दाखवताना प्रत्येक चलनाच्या ग्राहकासाठी वेगळी क्वेरी गेली, तर एकूण एकशे एक होतात. तुम्हाला कोडची एक ओळ दिसते, डीबीएला एकशे एक किरकोळ क्वेऱ्या. दोघांनी एका स्क्रीनसमोर बसल्याशिवाय हे सापडायचं नाही.