दोन लघुपटांच्या मधला काळोख

लघुपटांचे सत्र हा चित्रपट महोत्सवातला सर्वांत अवघड कार्यक्रम असतो, हे माझे मत दरवर्षी अधिकच पक्के होत चालले आहे. तो आखणाऱ्यालाही अवघड आणि पाहणाऱ्यालाही अवघड. दीड-दोन तासांच्या एका सत्रात सहा-सात लघुपट लागतात आणि प्रत्येकाची भाषा निराळी, लय निराळी, आवाजाची जात निराळी, अगदी पडद्यावरच्या चौकटीचा आकारसुद्धा निराळा. दर दहा-पंधरा मिनिटांनी नवी माणसे ओळखून घ्यावी लागतात, हा दिग्दर्शक आपल्याला कोणत्या गतीने नेणार आहे याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि तो अंदाज जमतो न जमतो तोच चित्रपट संपतो. हे वैविध्य हीच या सत्राची श्रीमंती आहे. मात्र ती प्रेक्षकाच्या पदरात पडायची असेल, तर एक लघुपट संपल्यावर दुसरा सुरू होण्याआधी थोडा वेळ मोकळा सोडायला हवा. मागणी इतकी साधी असूनही आपल्याकडे ती फारशी कोणी मनावर घेत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

गोव्यातल्याच एका महोत्सवात पाहिलेले सत्र माझ्या मनातून जात नाही. त्यात बारा-तेरा मिनिटांचा, जवळजवळ संवाद नसलेला एक लघुपट होता. खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या शेतीच्या बांधावर एक म्हातारा मानशीची दारे सांभाळतो, एवढीच गोष्ट. तिसवाडी, बार्देश, सासष्टीत ज्यांचे बालपण खाजनाकाठी गेले त्यांना मानस काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, बांधात बसवलेली ही लाकडी दारे भरतीचे पाणी चढू लागले की त्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना बाहेर ढकलून नदीकडे निघून जाते. कॅमेरा बराच वेळ त्या दारावरच खिळून होता. पाण्याने काळे पडलेले लाकूड, त्याला चिकटलेले बारीक शिंपले, आणि दर लाटेगणिक बोटभर वर सरकणारी ओल. म्हातारा बांधावर पाठमोरा बसलेला. दार मिटल्याचा दबका आवाज होतो, तरी तो वळूनही पाहत नाही, कारण तो आवाज त्याने जन्मभर ऐकलेला आहे. मग कॅमेरा सावकाश फिरतो आणि आपल्या लक्षात येते की बांधाला पलीकडे भगदाड पडले आहे, दार चोख मिटलेले असूनही खारे पाणी त्याच्या पाठीमागून शेतात भरते आहे. शेवटचे दृश्य मिनिटभर तसेच राहते. म्हातारा, मिटलेले दार, आणि पाण्याचा आवाज.

तो आवाज थांबला आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ढोलताशांचा कडकडाट करीत कागदी कात्रणांचा एक रंगीत अ‍ॅनिमेशनपट सुरू झाला. तो वाईट होता असे मुळीच नाही. उलट त्यातली दात पडलेली मुलगी आणि तो दात शोधायला निघालेले सगळे घर, हे फार हौसेने आणि बारकाईने केलेले काम होते. पण त्याचे पहिले अर्धे मिनिट आमच्या डोळ्यांनी पाहिलेच नाही, कारण डोळ्यांपुढे अजून पाणी भरत होते. आणि मिनिटाभराने हसू आले, तेव्हा ते पाणीही वाहून गेले होते. सत्र संपल्यावर बाहेरच्या गप्पांत त्या मुलीबद्दल दोन-चार जण बोलले, बांधाबद्दल कोणीच बोलले नाही. ज्या प्रेक्षकांत निम्म्याहून अधिक गोवेकर होते, त्यांच्यापैकी एकालाही खाजनाची आठवण काढावीशी वाटू नये, याचे कारण प्रेक्षकांच्या उदासीनतेत शोधण्यापेक्षा मी त्या नसलेल्या अर्ध्या मिनिटात शोधतो.

सिनेमा जन्मालाच आला तो अशा मिश्र सत्राच्या रूपाने. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन जो पहिला खेळ केला, त्यात एकेक मिनिटाच्या आतले दहा चित्रपट होते. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे सहा चित्रपट दाखवले गेले आणि आपल्या देशात सिनेमा आला. त्या काळी एका यंत्रावर एक फीत संपली की ती काढून दुसरी चढवावी लागे. तेवढा वेळ लोक एकमेकांशी बोलत, आता काय पाहिले याची खातरजमा करीत. ती उसंत कोणी मुद्दाम ठेवलेली नव्हती, यंत्रामुळेच ती मिळत होती. पण आजच्या प्रेक्षकाला जे मिळत नाही ते त्या प्रेक्षकाला मिळत होते. दादासाहेब फाळक्यांनीही भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी १९१२ साली आधी ‘अंकुराची वाढ’ हा वाटाण्याच्या रोपाचा छोटासा चित्रपट केला, हे मराठी माणसाने विसरू नये. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर आला.

आता फीत चढवण्याचा प्रश्नच उरलेला नाही. महोत्सवात चित्रपट डिजिटल प्रतीच्या, म्हणजे डीसीपीच्या रूपाने येतात, सर्व्हरवर उतरवले जातात, त्यांची एक यादी क्रमाने लावली जाते आणि एकदा सुरू केले की ती यादी अखेरपर्यंत आपोआप चालते. या यादीत दोन चित्रपटांच्या मध्ये हव्या तितक्या सेकंदांचा काळा पडदा घालता येतो. त्याला खर्च नाही, वेगळे यंत्र लागत नाही, फक्त ते कोणाला तरी सुचावे लागते.

आवाजाचे दुखणे याहून मोठे आहे. सिनेमागृहाची ध्वनियंत्रणा आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाच्या ७ या आकड्यावर प्रमाण पातळीला जुळवलेली असते आणि चांगल्या ध्वनिमुद्रणशाळेत मिश्रण केलेला चित्रपट त्या पातळीचा विचार करूनच घडवलेला असतो. प्रत्यक्षात बहुतेक चित्रपटगृहांत आवाज त्याहून खाली ठेवतात. लघुपटांच्या सत्रात मात्र एक चित्रपट मोठ्या संस्थेच्या स्टुडिओत मिश्रण होऊन आलेला असतो, तर पुढचा एखाद्या विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून रात्री-अपरात्री पुरा केलेला असतो. दोघांना एकाच आकड्यावर वाजवले की एकाची कुजबुज ऐकू येत नाही आणि दुसऱ्याचा पाऊस अंगावर येतो. चौकटीचेही, म्हणजे तिच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाचेही तेच. एक १.८५ : १, दुसरा २.३९ : १, तिसरा मुद्दाम जुन्या ४ : ३ मध्ये केलेला, आणि हल्ली चौथा मोबाइलवर उभा चित्रित केलेला. प्रक्षेपण कक्षात बसलेल्या माणसाला प्रत्येक चित्रपटाची आधी दोन मिनिटे तपासणी करू दिली, कोणत्या चित्रपटाला आवाज किती हे कागदावर लिहून दिले आणि मध्ये अर्ध्या मिनिटाचा काळोख दिला, तर हे सगळे त्या काळोखातच नीट बसवता येते. म्हणजे ही उसंत प्रेक्षकाइतकीच त्या कक्षातल्या माणसालाही हवी आहे, आणि त्याची बाजू घेऊन बोलणारा महोत्सवाच्या बैठकीत सहसा कोणी नसतो.

एकांकिका स्पर्धा पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट पटवून द्यावी लागू नये. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक असो किंवा आपल्याकडच्या स्पर्धा असोत, एक एकांकिका संपली की पडदा पडतो, नेपथ्य हलते, आपण बाहेर येऊन चहा घेता घेता वाद घालतो, मग पुढच्या संघाचे नाव पुकारले जाते आणि घंटा होते. एका दिवसात चार-पाच एकांकिका पाहूनही त्या आपल्या डोक्यात एकमेकींत मिसळत नाहीत, याचे श्रेय त्या नेपथ्य हलवणाऱ्या मंडळींनाही आहे.

वेळ नाही, हे उत्तर मला माहीत आहे. महोत्सवाचे वेळापत्रक घट्ट असते, एक खेळ लांबला की संध्याकाळपर्यंत सगळे खेळ लांबतात, हे खरे. पण हिशेब करून पाहावा. सात लघुपट, मध्ये सहा जागा, प्रत्येकी चाळीस सेकंद, म्हणजे सगळी मिळून चार मिनिटे. सुरुवातीच्या सत्कारातले एक भाषण आवरले तरी ती निघतात. आणि वेळ खरोखरच नसेल, तर एक लघुपट कमी निवडावा. सात घाईने दाखवण्यापेक्षा सहा नीट दाखवणे हा त्या सहा जणांचा मान आहे आणि सातव्याला दुसऱ्या दिवशी जागा देता येते. वाचवलेला वेळ शेवटी श्रेयनामावलीतूनच कापला जातो हेही मी पाहिले आहे. दिवे लागतात, सूत्रसंचालक बोलू लागतो, आणि ज्या मुलीने थंडीत चार रात्री नदीकाठी ध्वनिमुद्रण केले तिचे नाव अर्ध्या उजेडात पुसट होऊन निघून जाते. लघुपटात काम करणाऱ्याला पैसा क्वचितच मिळतो. पडद्यावरचे नाव हीच बहुधा त्याची सगळी कमाई असते.

या घाईच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाआधीचा सराव, असे बहुतेकांना वाटते. उमेश कुलकर्णींच्या ‘गिरणी’नंतर ‘वळू’ आला, नागराज मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’नंतर ‘फँड्री’ आला, असे दाखले त्यासाठी दिले जातात. पण त्याच मंजुळेंनी ‘सैराट’चे प्रचंड यश पाठीशी असताना २०१७ साली ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हा दाखला कोणी देत नाही. सरावाची गरज संपलेला दिग्दर्शक पुन्हा लघुपटाकडे वळतो, तेव्हा तेवढ्याच लांबीत मावणारे काहीतरी त्याला सांगायचे असते. लांबीची व्याख्याही जागोजागी निराळी आहे. ऑस्करसाठी श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटे, कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेसाठी पंधरा. पंधरा मिनिटांत मावणारी गोष्ट आणि चाळीस मिनिटांत मावणारी गोष्ट यांच्यात लघुकथा आणि दीर्घकथेइतके अंतर असते, तरी आपण दोघांनाही एकाच डब्यात टाकतो. मोठ्या चित्रपटाच्या आधी एखादा लघुपट जोडून दाखवण्याची पद्धतही अनेक महोत्सवांत आहे. त्यात लघुपटाला आयता प्रेक्षक मिळतो हे खरे, पण तो प्रेक्षक खुर्ची शोधत, मोबाइलचा उजेड पाडत आलेला असतो.

गोव्यात हे बोलण्याला विशेष अर्थ आहे. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत होतो आहे आणि दर नोव्हेंबरात जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, मॅकिनेझ पॅलेसच्या पायऱ्यांवर रांगा लागतात. आपल्याच मातीतल्या आदित्य जांभळे यांच्या ‘खरवस’ या मराठी लघुपटाने २०१८ साली तिथल्या इंडियन पॅनोरमाच्या, म्हणजे निवडक भारतीय चित्रपटांच्या विभागातल्या, नॉन-फीचर (लघुपट-माहितीपट) विभागाची सुरुवात झाली. २०२२ साली देशभरातून निवडलेल्या तरुणांच्या पाच गटांनी इफ्फीच्या काळातच त्रेपन्न तासांत पाच लघुपट पुरे केले. करणारे हात आहेत, पाहणारे डोळेही आहेत, पण हे सगळे त्या नऊ दिवसांत आटोपते. उरलेल्या वर्षभरात तालुक्यातल्या माणसाला लघुपट पाहायचा तर तो हातातल्या मोबाइलवर, आणि तिथे तर एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो.

मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवने आणि फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर यांतल्या कोणत्याही एका ठिकाणी महिन्यातून एका शनिवारी पाचच लघुपट दाखवावेत, अशी माझी सूचना आहे. एक मराठी, एक कोंकणी, एक परदेशी, एक माहितीपट, एक अ‍ॅनिमेशन. क्रम विचार करून लावावा, संथ चित्रपटानंतर गोंगाटाचा ठेवू नये, आणि दारावर द्यायच्या कागदावर प्रत्येकाचे नाव, भाषा आणि मिनिटे छापावीत. मध्ये चाळीस सेकंद पूर्ण काळोख असावा आणि त्या वेळात कोणीही माइक हातात घेऊ नये. बोलायचे ते शेवटी, दिवे लावून, निवांत बोलावे. फोंड्यात असे काही कोणी करणार असेल तर मला जरूर कळवावे. क्रम लावायला आणि आदल्या दिवशी प्रक्षेपण कक्षात बसून आवाज तपासायला मी नक्की येईन.