सापळा चोरीला गेला म्हणण्याआधी

मंडळी, जुलैमध्ये इथल्या प्युजेट साउंडचा, म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटलजवळच्या खाडीचा, डंजनेस जातीच्या खेकड्यांचा हंगाम उघडला की आठवडाभरात ग्रुपवर पहिली पोस्ट येते: "आमचा सापळा कुणीतरी चोरला." खाली प्रतिक्रियांची रांग लागते आणि दहाव्या प्रतिक्रियेपर्यंत चोर कोण हेसुद्धा ठरलेलं असतं. हे मला खटकतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

चोरी होते, यात वाद नाही. पण आपण चोरीच्या खात्यात टाकतो त्यातले पुष्कळ सापळे आपणच बुडवलेले असतात. आणि जी खरी चोरी आहे, म्हणजे दुसऱ्याचा सापळा "नुसता बघायला" वर ओढणं, तिला चोरी म्हणायला आपण तयार नसतो. या दोन्ही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात.

आधी बुडालेल्या सापळ्यांबद्दल. हरवलेल्या मासेमारी साहित्यावर काम करणाऱ्या नॉर्थवेस्ट स्ट्रेट्स फाउंडेशनचा अंदाज आहे की प्युजेट साउंडमध्ये दर वर्षी सुमारे 12,000 खेकड्यांचे सापळे हरवतात, आणि तळाशी पडलेल्या या सापळ्यांत पकडण्याजोग्या आकाराचे सुमारे 1,78,000 खेकडे मरतात. सापळा चोरणारा तो स्वतःच्या गॅरेजमध्ये नेतो. हे सापळे समुद्राच्या तळाशी आहेत, त्यामुळे त्यांच्यामागे चोर शोधण्यात अर्थ नाही.

सापळा हरवण्याचं पहिलं कारण दोरीची लांबी. सिएटलला रोजच्या मोठ्या भरती-ओहोटीत सरासरी 11 फुटांचा फरक पडतो, उधाणाला त्याहून बराच जास्त. समजा, सकाळी ओहोटीला फिशफाइंडरवर (बोटीतलं खोली दाखवणारं यंत्र) 60 फूट दिसलं आणि तुम्ही 75 फूट दोरी बांधून सापळा सोडला. दुपारी भरतीला तिथे 71 फूट पाणी असतं. दोरी जवळजवळ उभी ताणली जाते, त्यात प्रवाहाने बोया (दोरीच्या वरच्या टोकाचा, सापळ्याची जागा दाखवणारा तरंगता गोळा) बाजूला ढकलला की तो सरळ पाण्याखाली जातो. तुम्ही दीड वाजता येता, जीपीएसच्या खुणेवर चकरा मारता, काही दिसत नाही, आणि घरी जाऊन पोस्ट टाकता. पाणी थांबल्यावर चार वाजता तोच बोया तिथेच वर आलेला असतो, पण तो बघायला कुणी नसतं. काही वेळा दोरी ताणली गेल्यावर बोया सापळ्यालाच उचलतो, आणि सापळा तळावरून चालत चालत खोल पाण्याकडे जातो. इथला तळ हिमनद्यांनी कोरलेला आहे. 50 फुटांची सपाट पट्टी असते आणि तिची कड ओलांडली की बघता बघता 200 फूट होतात. सापळा त्या कडेवरून घसरला की तुमची 75 फूट दोरी बोयासकट खाली जाते.

राज्याचं फिश अँड वाइल्डलाइफ खातं सांगतं की पाण्याच्या खोलीपेक्षा दोरी एक तृतीयांशाने जास्त ठेवा. मी त्यात एवढंच घालीन की खोली भरतीची धरा, ओहोटीची नाही. वरच्या उदाहरणात 71 अधिक 24, म्हणजे 95 फूट. दुकानात 100 फुटांचं बंडल मिळतं, तेच घ्या. दोरी शिसं घातलेली, बुडणारी हवी. पिवळी पॉलिप्रॉपिलीन दोरी स्वस्त मिळते, पण ती पृष्ठभागावर तरंगते आणि पहिल्याच बोटीच्या पंख्यात सापडते. तरंगणारी दोरी इथे नियमातही बसत नाही. तीच वापरायची असेल तर बोयापासून दहा-पंधरा फुटांवर वजन बांधून ती खाली धरून ठेवावी लागते.

दुसरं कारण सापळ्याचं वजन. तारेचे घडीचे हलके सापळे किनाऱ्यावर हाताळायला सोपे असतात, पण प्रवाहात टिकत नाहीत. त्यांच्या तळाशी दोन्ही बाजूंना सळईचे तुकडे बांधा, एकूण आठ-दहा पौंड तरी. वजन एकाच बाजूला बांधलं तर सापळा तिरका बसतो आणि खेकड्याला दार सापडत नाही.

गाठीबद्दल थोडं. नवी कृत्रिम दोरी गुळगुळीत असते. साधी दुहेरी गाठ तिच्यात तासाभरात सैल होते. बोलाईन गाठ (न सरकणाऱ्या फासाची गाठ) मारा, शेपूट हातभर ठेवा आणि ते मुख्य दोरीला पुन्हा बांधा. एखाद्या दिवशी नुसता बोया वाहत किनाऱ्याला लागलेला मिळाला तर दोरीचं टोक नीट बघा. सरळ, स्वच्छ काप असेल तर सुरी. पिंजलेलं, मध्येच वितळून कडक झालेलं टोक असेल तर बोटीचा पंखा. टोक धड असेल आणि त्यावर गाठीच्या वळ्या दिसत असतील तर गाठ सुटली. बोया हातात आल्यावर एवढं तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही, पण ते न तपासताच आपण कुणावर तरी आळ घेतो.

फेरी बोटींच्या (माणसं आणि गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटींच्या) वाटेत सापळे टाकणाऱ्यांना काय म्हणावं कळत नाही. मुकिल्टिओ-क्लिंटन आणि एडमंड्स-किंग्स्टन या मार्गांच्या आसपास दर वर्षी बोये दिसतात. फेरी बोटीच्या पंख्याच्या दांड्यात सापळ्याची दोरी अडकून फेऱ्या बंद पडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तिथे तुमचा सापळा जाणारच, आणि सोबत शेकडो लोकांचा दिवसही.

आता दुसरी तक्रार: सापळा आहे, पण रिकामा, म्हणजे खेकडे चोरले. इथे घाई नको. कायद्याने प्रत्येक सापळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात आतून सव्वाचार इंच व्यासाच्या दोन सुटकेच्या कड्या लागतात. लहान खेकडे त्यांतून येत-जात असतातच. सापळ्याचं झाकण किंवा एक दार सुती दोऱ्याने धरलेलं असावं लागतं, जाडी एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त नाही, म्हणजे सापळा हरवला तरी दोरा कुजून दार उघडतं आणि आतले खेकडे सुटतात. गेल्या वर्षीचाच दोरा यंदा चालवला असेल तर तो पाण्यात तुटला आणि दार उघडं पडलं, इतकं साधं कारण असू शकतं. आमिषाच्या पिशवीला बाहेरून भोकं पडली असतील तर ते काम सील या समुद्री प्राण्याचं. आत खेकड्यांची फोडलेली कवचं आणि नांग्यांचे तुकडे असतील तर ऑक्टोपस येऊन जेवून गेला. आणि ऑगस्टच्या मध्यानंतर सापळ्यात फक्त ठेवता न येणारे खेकडे, म्हणजे माद्या आणि सव्वासहा इंचांखालचे नरच मिळू लागले, तर बहुतेक वेळा मोठे नर सगळ्यांनी मिळून आधीच उचललेले असतात.

आणखी एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. उन्हाळ्यात बहुतेक भागांत गुरुवार ते सोमवारच खेकडे पकडता येतात. सोमवारी सूर्यास्तानंतर तासाभरात सापळे पाण्याबाहेर हवेत. मंगळवारी-बुधवारी पाण्यात राहिलेला सापळा खात्याचे अधिकारी जप्त करू शकतात. तो "चोरीला गेला" म्हणून गुरुवारी पोस्ट टाकण्यापूर्वी कॅलेंडर बघा.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसलो ती. मंगळवारी कुणीतरी सापळे उचलताना दिसलं की लगेच "ट्राइबचे लोक (इथल्या मूळ रहिवासी जमाती) आपले सापळे साफ करतात" असं लिहिलं जातं. आपल्याच लोकांनी असं लिहिलेलं वाचून वाईट वाटतं. इथल्या मूळ रहिवाशांनी 1854-55 च्या करारांत जमीन सोडली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. 1974 मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी माशांबाबत आणि 1994 मध्ये न्यायाधीश रफीडी यांनी शिंपले-खेकड्यांबाबत तो हक्क मान्य केला: पकडण्याजोग्या साठ्याचा अर्धा वाटा त्यांचा. त्यांचे दिवस वेगळे, नियम वेगळे, बोये वेगळे. त्यामुळे आपला हंगाम बंद असताना ते समुद्रात दिसणारच, आणि ते स्वतःचे सापळे उचलत असतात. परक्या देशात येऊन आपण दोन सापळे टाकतो आणि ज्यांचा हा समुद्र पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे त्यांना पुराव्याशिवाय चोर म्हणतो, हे आपल्याला शोभत नाही.

आता खरी चोरी. वॉशिंग्टनच्या कायद्यात दुसऱ्याचा सापळा परवानगीशिवाय वर ओढणं, त्यातला प्राणी काढणं किंवा सोडणं, सापळा मोडणं किंवा जवळ ठेवणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. शिक्षा 90 दिवसांपर्यंत कैद आणि 1,000 डॉलरपर्यंत दंड. खेकडे घेतले नाहीत, बघून परत सोडला, तरी ओढण्याचा गुन्हा झालेलाच असतो. "इथे खेकडे लागतात का एवढंच पाहिलं" हे अगदी सहज सांगितलं जातं, आपल्याही गप्पांमध्ये. गावाकडे दुसऱ्याच्या जाळ्यातली चिंबोरी काढलेली कुणाला चालेल का? मग इथे लाल-पांढऱ्या बोयाच्या बाबतीत वेगळा न्याय कशासाठी? किनाऱ्याला लागलेला बेवारस वाटणारा सापळाही याला अपवाद नाही. तो कुणाचा तरी आहे आणि त्याच्या बोयावर नाव असतं.

म्हणूनच स्वतःच्या बोयावरचं नाव वाचता येईल असं हवं. बोया अर्धा लाल, अर्धा पांढरा, त्यावर एकाच माणसाचं पूर्ण नाव आणि कायमचा पत्ता, हे सक्तीचं आहे. फोन नंबर सक्तीचा नाही, तरी लिहा, कारण वाहून गेलेला बोया सापडलेला माणूस पत्र पाठवणार नाही, फोन मात्र करेल. साध्या मार्करची शाई मीठ आणि उन्हाने एका हंगामात उडते. लिहून वाळू द्या, वर पारदर्शक इपॉक्सीचे (कडक होणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या.

चोर सापळा नेतो तेव्हा आधी बोया कापून टाकतो, म्हणून खूण सापळ्यावरही हवी. भांड्यांवर नाव घालतात तसं स्टीलच्या छोट्या पट्टीवर नाव-नंबर कोरून घ्या आणि ती तळाच्या सळईला आतल्या बाजूने स्टीलच्या तारेने पिळून बसवा. सापळ्याचा एखादा कोपरा ठळक रंगाने रंगवा, दुरून ओळखता येतो. काही जण एअरटॅग (वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी छोटी चकती) टाकतात. खाऱ्या पाण्यातून त्याचे सिग्नल जात नाहीत, त्यामुळे तळाशी हरवलेला सापळा त्याने सापडणार नाही. सापळा जमिनीवर कुणाच्या गॅरेजमध्ये गेला तर उपयोग होऊ शकतो, पण 60 फुटांवर दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट असतो. तो सोसणारी डबी नसेल तर पहिल्याच फेरीत टॅग संपतो.

कुणी दार उघडून गेलं का हे कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. दाराच्या आकड्याला तुमच्या ठरावीक रंगाचा बारीक सुती दोरा एकच वेढा घालून बांधा आणि सोडण्यापूर्वी फोटो काढा. दोरा गेलेला, आकडा उलट्या बाजूने लावलेला आणि आमिषाचा डबाच गायब, हे तिन्ही एकदम दिसलं तर संशयाला जागा आहे. मात्र कुणी उघडू नये म्हणून झाकणाला प्लास्टिकच्या झिप टाय लावू नका. हे मी वारंवार पाहतो आणि मला ते चोरीपेक्षा वाईट वाटतं. प्लास्टिक कुजत नाही. असा सापळा हरवला की सुती दोरा तुटूनही झाकण बंदच राहतं आणि आत खेकडे एकामागून एक मरत राहतात. मेलेल्याच्या वासाने पुढचे येतात. चोराला सुरीने ती कापायला दोन सेकंद लागतात, म्हणजे संरक्षणही होत नाही.

सगळ्यात चांगली राखण म्हणजे जवळ थांबणं. ताज्या आमिषावर, म्हणजे कोंबडीच्या तंगड्या किंवा सॅमन माशाचं डोकं, दोन ते चार तासांत काम होतं. रात्रभर सापळा सोडून सकाळी येण्यात फार काही जास्त मिळत नाही. आमिष संपल्यावर आत आलेले बाहेरची वाट शोधू लागतात. चार माणसांचे आठ सापळे असतील तर ते एका ओळीत, एकाच खोलीवर, शंभर-दीडशे फूट अंतराने टाका, म्हणजे बोटीतून सगळे नजरेत राहतात. आणि सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत बोटीतून सापळा टाकायला किंवा उचलायला मनाई आहे. त्या वेळात कुणी बोये ओढताना दिसलं तर सापळा कुणाचाही असो, ते कळवण्यासारखंच आहे.

प्रत्यक्ष कुणाला तुमचा सापळा ओढताना पाहिलं तर बोट त्यांच्या अंगावर नेऊ नका, आरडाओरडा करू नका. दोरी, ती ओढणारं विंच यंत्र आणि भडकलेली माणसं एकत्र आली की कुणीतरी पाण्यात पडतं, आणि इथलं पाणी ऑगस्टमध्येही पन्नास ते साठ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान, म्हणजे चांगलंच गार असतं. लांबूनच व्हिडिओ घ्या. त्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: बोटीचा नोंदणी क्रमांक (इथल्या बोटींवर तो डब्ल्यूएन या अक्षरांनी सुरू होतो), हातातला बोया, आणि मागे किनाऱ्याची ओळखता येईल अशी खूण. वेळ आणि जीपीएस लिहून ठेवा, स्वतःच्या बोयावरचं नाव आणि परवाना दाखवता येईल असा तयार ठेवा, आणि खात्याच्या अंमलबजावणी विभागाला 877-933-9847 वर कळवा. ग्रुपवर कुणाचा चेहरा किंवा बोट टाकून "हाच तो" लिहू नका. माणूस चुकीचा निघाला तर ते परत घेता येत नाही.

सापळा नुसता हरवला असेल तरी खात्याकडे नोंद करा. हरवल्याची नोंद केली म्हणून दंड होत नाही, आणि जागा कळली तर तो काढणाऱ्यांना शोधणं सोपं जातं. दुसऱ्याचा बोया वाहताना किंवा काठाला अडकलेला दिसला तर त्यावरच्या नंबरवर फोन करा. नंबर नसेल तर नाव आणि जागेचा फोटो काढून खात्याला पाठवा. दोरी मात्र ओढू नका, त्याच्या टोकाला सापळा असू शकतो.