ट्यूनर डोंगल थंड केला की रिसेप्शन सुधारतं?

संगणकाला यूएसबीने जोडायच्या छोट्या टीव्ही ट्यूनर डोंगलबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय. डोंगल हाताला गरम लागला की तो लवकरच जळणार. त्याचं कवच काढा, वर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) चिकटवा, पंखा लावा, जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा. जितका थंड, तितकं रिसेप्शन स्वच्छ. यात थोडं तथ्य आहे. पण बाकीचं इतकं चुकीचं आहे की त्यापायी लोक चांगले डोंगल खराब करताहेत.

पहिली गोष्ट, गरम लागणं हा बिघाड नव्हे. आरटीएल२८३२यू (डिमॉड्युलेटर, म्हणजे सिग्नलमधून माहिती वेगळी काढणारी चिप) आणि आर८२०टी (ट्यूनर) या चिपच्या जोडीवर चालणारा डोंगल ५ व्होल्टवर साधारण ३०० मिलीअँपिअर घेतो. म्हणजे दीडेक वॉट, तेही बोटाएवढ्या बंद डबीत. ती तापणारच. पन्नास-साठ अंशांना आपलं बोट मागे येतं, पण सिलिकॉनला ते तापमान सहज सोसतं.

‘थंड म्हणजे स्वच्छ’ हा दावा तर साध्या हिशेबातच टिकत नाही. उष्णतेमुळे होणारा नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारी खरखर, निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्विनच्या, प्रमाणात बदलतो. चिप ६५ अंश सेल्सिअसवरून २५ वर आणली, तर ३३८ केल्विनचे २९८ झाले. फरक जेमतेम अर्ध्या डेसिबलचा. तोही फक्त चिपच्या स्वतःच्या नॉइजमधला. अँटेनातून येणारा नॉइज आहे तिथेच राहतो. चित्र तुटत असेल तर आधी अँटेना, केबल आणि सिग्नलची ताकद तपासा. अँटेना खिडकीबाहेर काढल्याने जो फरक पडतो, तो कुठल्याही पंख्याने पडत नाही.

फ्रिजचा सल्ला मला सरळ धोकादायक वाटतो. थंड सर्किट बोर्ड दमट हवेत आला की त्यावर पाणी धरतं, आणि चालू सर्किटवर ओल म्हणजे गंज आणि शॉर्टसर्किट.

पंख्याचं थोडं वेगळं आहे. स्वस्त डोंगलमधल्या क्रिस्टलची (फ्रिक्वेन्सीचा ठेका धरणाऱ्या भागाची) गती तापमानाबरोबर सरकते, आणि त्याबरोबर ट्यून केलेली फ्रिक्वेन्सीही. हेच डोंगल लोक टीव्हीखेरीज रेडिओ सिग्नल ऐकायलाही वापरतात. तिथे ४३५ मेगाहर्ट्झवर २० पीपीएमची (दहा लाखांत वीस भागांची) चूक म्हणजे ८.७ किलोहर्ट्झ, अरुंद सिग्नल तेवढ्याने हातचा जातो. (टीव्ही बघताना हे जाणवत नाही, कारण डिमॉड्युलेटर अशी चूक स्वतःच भरून काढतो.) इथे थंडपणाचा उपयोग नाही, स्थिर तापमान हवं. मधूनच चालू-बंद होणारा पंखा उलट त्रास वाढवतो. डोंगल सुरू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मग पीपीएम दुरुस्ती करा. हे सतत करायचा कंटाळा असेल तर टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम स्वतःच भरून काढणारा क्रिस्टल) असलेला डोंगल घ्या.

आता हीटसिंक. लोक तो ट्यूनर चिपच्या माथ्यावर चिकटवतात. पण या चिपची उष्णता मुख्यतः तिच्या पोटाखालच्या धातूच्या पट्टीतून बोर्डात उतरते. माथ्यावर प्लास्टिकसारखा थर असतो. म्हणून हीटसिंक किंवा थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) बोर्डाच्या मागच्या बाजूला, बरोबर चिपखाली लावा. शिवाय बऱ्याच डोंगलमध्ये ५ व्होल्टचे ३.३ करणारा रेग्युलेटर जवळपास एक तृतीयांश वीज उष्णतेत घालवतो. त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

कवचाबाबतही अर्धवट सांगितलं जातं. प्लास्टिकचं काढलं तर हवा लागते, हे खरं. धातूचं काढलं तर मात्र संगणकाचा सगळा विद्युत गोंगाट आत येतो, आणि बोर्डाला थर्मल पॅडने जोडलेलं असेल तर तेच कवच हीटसिंकचं काम करत असतं.

तथ्य कुठे आहे, तेही सांगतो. साधारण १.५ गिगाहर्ट्झच्या वर, म्हणजे इनमारसॅटसारख्या उपग्रहांच्या पट्ट्यात, काही आर८२०टी ट्यूनर तापले की त्यांच्या पीएलएलचं (फ्रिक्वेन्सी पकडून ठेवणाऱ्या सर्किटचं) लॉक सुटतं आणि सिग्नल अचानक गायब होतो. सुरुवातीला नीट चालून तापल्यावर तेवढ्याच पट्ट्यात रिसेप्शन बंद पडत असेल, तर थंडावा खरोखर लागतो. तेव्हा बोर्डाखाली थर्मल पॅड, वर धातूचं कवच, आणि डोंगल तापलेल्या लॅपटॉपपासून लांब ठेवायला एक छोटी यूएसबी एक्स्टेन्शन केबल, एवढ्याने बहुतेक वेळा काम भागतं.